खिशातल्या घड्याळातला चंद्र कालनिर्णयशी जुळत नाही!

लोअरबर्थ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी मित्राबरोबर चोरबाजारात गेलो होतो. घ्यायचं होतं मिक्सरचं भांडं. मटण स्ट्रीटच्या तोंडाशी एका चाचांच्या चादरीवर काळपट पोलादी डबीचं एक खिशातलं घड्याळ दिसलं. पांढरी एनॅमलची तबकडी, तिच्यावर तीन छोट्या तबकड्या (तारीख, वार, महिना), आणि खाली एक खिडकी. खिडकीत निळं आकाश, सोनेरी चांदण्या आणि नाकडोळे असलेला चंद्र. वार आणि महिने फ्रेंचमध्ये. मिक्सरचं भांडं राहिलं, घड्याळ घरी आलं. किंमत सांगत नाही, कारण बायकोही इथे वाचते.

ते चालू करून घ्यायला आठ महिने गेले. तीन कारागिरांनी 'साहेब, शोकेसमध्ये ठेवा' म्हणून परत पाठवलं. चौथ्याने चालू करून दिलं. माघी पौर्णिमेला मी कालनिर्णय समोर ठेवून चंद्र बरोबर मध्यावर आणून बसवला. हनुमान जयंतीला बघतो तर चंद्र मध्य सोडून उजवीकडच्या टेकडीकडे सरकलेला! म्हणजे तीन दिवस पुढे. कारागीर म्हणतो, 'जुन्या घड्याळात एवढा फरक असतोच.'

प्रश्न असा, की असतो का? का घड्याळातच दोष आहे? आणि असल्या खगोलीय घड्याळांच्या नादी आणखी लागावं का? (दुसरं एक बघून ठेवलंय. बायको, हे वाचू नकोस.)

पोटोबा
चंद्र पुढे गेला तर संकष्टीचा उपास लवकर सुटेल ना? दोष कसला, सोयच आहे.

तिरसट
मोबाइलमध्ये चंद्राची कला फुकट दिसते. चालू द्या.

चावीवाला
तिरसटराव, मोबाइलमध्ये जेवणाचे फोटोही दिसतात, तरी आपण जेवतोच.

लोअरबर्थ, अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही. या छंदात मी तीस वर्षं आहे. तुमच्या वर्णनावरून हे १८९० ते १९१० च्या आसपासचं स्विस कॅलेंडर घड्याळ दिसतंय. काळी पोलादी डबी असलेली अशी घड्याळं तेव्हा भरपूर निघाली. फार दुर्मीळ नाही, पण देखणा प्रकार. फोटो टाका: तबकडीचा, मागचं झाकण उघडून मशीनचा आणि आतल्या झाकणाचा. फोटोशिवाय बोलणं म्हणजे पत्रिकेशिवाय मुलगी पाहणं.

एक विचारतो, राग मानू नका. तबकडी खरंच एनॅमलची आहे ना? आपल्याकडे तबकडी नव्याने रंगवून 'ओरिजिनल है साब' म्हणत विकायची जुनी परंपरा आहे. परदेशातले संग्राहक अशा मालाला चक्क 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराच्या नावाने काय काय प्रसिद्ध व्हावं!

गिरगावची_चाळ
पत्रिकेशिवाय मुलगी! काका, कोणत्या सालात आहात? बाकी प्रतिसाद उत्तम.

चावीवाला
ताई, घड्याळांच्या बाबतीत १९०५ सालात. शब्द मागे घेतला.

ग्रहगोल
मूळ प्रश्नाचा गणिती भाग सांगतो, यंत्राचा भाग जाणकार सांगतील.

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं लागतात. तुमच्या खिडकीमागे जी चकती फिरते तिच्यावर एक नाही, दोन चंद्र रंगवलेले असतात आणि तिला ५९ दात असतात. रोज एक दात पुढे. म्हणजे ५९ दिवसांत दोन चांद्रमास, एकाला साडेएकोणतीस दिवस. राहिली ती वरची ४४ मिनिटं. दर महिन्याला घड्याळातला चंद्र खऱ्या चंद्राच्या तेवढाच पुढे जातो, आणि ही चूक साठत साठत पूर्ण एका दिवसाची व्हायला अडीच वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. महागड्या घड्याळांत १३५ दातांचं चाक घालून हीच चूक १२२ वर्षांत एक दिवस एवढी कमी करतात.

माघी पौर्णिमा ते चैत्री पौर्णिमा म्हणजे दोन चांद्रमास. दातांच्या हिशोबाने चूक दीड तासाची. तीन दिवसांची नाही. तुमच्या कारागिराचं म्हणणं मला पटत नाही.

गिरगावची_चाळ
पण ग्रहगोल, कालनिर्णयात तर तिथी कधी दोन दिवस असते, कधी गायबच होते. तो हिशोब यात आला का?

ग्रहगोल
अगदी नेमका प्रश्न. नाही आला, आणि येऊही शकत नाही. चंद्र-सूर्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. पण चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे तो कधी झपाझप चालतो, कधी रेंगाळतो. तिथी कधी वीस तासांत उरकते, कधी सव्वीस तासांच्याही वर जाते. शिवाय पंचांगात दिवसाला तिथी मिळते ती सूर्योदयाच्या वेळी जी चालू असेल ती. म्हणून क्षय आणि वृद्धी. घड्याळाची चकती मात्र सरकारी नोकरासारखी, रोज एक दात, ना कमी ना जास्त. खरी पौर्णिमा सरासरी पौर्णिमेपासून चौदा तासांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. तेव्हा दाते पंचांगाशी किंवा कालनिर्णयशी एखाद्या दिवसाचा फरक पडला तर झोप उडवून घेऊ नये. तीन दिवसांचा पडला तर घड्याळ उघडावं.

तिरसट
सरकारी नोकर रोज एक दात पुढे सरकतो? कोणत्या राज्यात?

न्यूजर्सीकर
छान धागा. माझ्याकडे पणजोबांचं वेस्ट एंडचं खिशातलं घड्याळ आहे (चंद्र नाही, साधंच). त्यांनी ते फोर्टात घेतलं होतं. पण सध्या ते ठाण्याला दादाकडे आहे. पुढच्या वेळी इकडे घेऊन यायचा विचार आहे. विमानतळावर काही कटकट?

चावीवाला
असू शकते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचं घड्याळ त्यात बसतं का, हे कस्टमवाल्याशी रात्री दोन वाजता वाद घालून ठरवण्यापेक्षा आधी पुरातत्त्व खात्याकडे दाखवून 'ही वस्तू पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र घेतलेलं बरं. किंवा राहू द्या ठाण्यात. तुम्हीच येत जा.

गिरगावची_चाळ
+१. त्या निमित्ताने तरी या.

ग्रहगोल
थोडा वाद घालू का? लोअरबर्थ याला खगोलीय घड्याळ म्हणतात. माझ्या मते नुसता चंद्र दाखवणारं घड्याळ म्हणजे कॅलेंडर घड्याळ. खगोलीय म्हणायचं तर त्यात निदान कालसमीकरण, नाक्षत्र वेळ, सूर्योदय-सूर्यास्त किंवा ताऱ्यांचा नकाशा, यातलं काहीतरी हवं.

नाक्षत्र दिवस, म्हणजे सूर्याऐवजी ताऱ्यांवरून मोजलेला दिवस, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा असतो. त्यासाठी त्याच मशीनमधून वेगळी चाकं चालवावी लागतात. जेम्स वॉर्ड पॅकार्ड या मोटार बनवणाऱ्या अमेरिकन माणसाने पाटेक फिलिप या स्विस कंपनीकडून १९२७ मध्ये असं घड्याळ करून घेतलं. त्यात त्याच्या जन्मगावावरचं, ओहायोतल्या वॉरनचं, आकाश होतं, पाचशे ताऱ्यांसकट. हेन्री ग्रेव्हज या बँकरने १९३३ मध्ये त्याच्यावर कडी केली: चोवीस करामती आणि न्यूयॉर्कचं रात्रीचं आकाश. ते घड्याळ २०१४ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकना गेलं.

पोटोबा
रुपयांत सांगा हो, फ्रँक आमच्या किराणावाल्याला चालत नाहीत.

ग्रहगोल
त्या वेळच्या दराने दीडशे कोटींच्या आसपास.

पोटोबा
एवढ्या पैशात न्यूयॉर्कचं आकाश? मुंबईत एवढ्यात खिडकीतून खरं आकाश दिसणारा फ्लॅट मिळतो. बहुतेक.

चावीवाला
ग्रहगोल, तुमची व्याख्या पुस्तकी आहे. तिने चाललं तर मुंबईत छंद करणारे चार जण उरतील आणि तिघांकडे घड्याळ नसेल. बाजारात, लिलावात, संग्राहकांच्या बोलण्यात चंद्रकलेचं घड्याळ याच घराण्यात धरतात. पण कालसमीकरणाचा विषय काढलातच तर पॅरिसचे घड्याळजी ब्रेगे यांचं ते फ्रान्सच्या राणीसाठीचं, मारी आंत्वानेतसाठीचं घड्याळ सांगायलाच हवं. १७८३ मध्ये मागणी आली आणि पूर्ण झालं १८२७ मध्ये. राणीचं डोकं १७९३ मध्येच उडालं होतं, ब्रेगे स्वतः १८२३ मध्ये गेले. आणि आपण कारागिराने आठ महिने लावले म्हणून रडतो! पुढे १९८३ मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयातून ते चोरीला गेलं आणि दोन दशकांहून अधिक काळाने सापडलं.

गिरगावची_चाळ
हे कालसमीकरण म्हणजे काय, ते मराठीत सांगा.

ग्रहगोल
सूर्य रोज बरोबर चोवीस तासांनी डोक्यावर येत नाही. पृथ्वीचा वेग वर्षभर सारखा नसतो, आणि तिचा आस कललेला. म्हणून खरा सूर्य घड्याळाच्या सरासरी सूर्याच्या कधी पुढे, कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्यावर चौदा मिनिटं मागे.

मुंबईत राहून हे घरबसल्या ताडता येतं. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, मुंबई त्र्याहत्तरच्या थोडी अलीकडे. म्हणून आपला सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमाराला. कालनिर्णयातला सूर्योदय आणि सूर्यास्त घ्या, मध्य काढा. फेब्रुवारीत तो १२:५३ येईल, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२. महागड्या घड्याळात हा फरक दाखवणारा वेगळा काटा असतो. त्याला चालवायला मूत्रपिंडाच्या आकाराचा एक पत्रा असतो, तो वर्षात एकदा फिरतो. वर्षाचं सगळं गणित त्या पत्र्याच्या कडेत कोरलेलं. मला विचाराल तर सगळ्या घड्याळविद्येत याहून सुंदर वस्तू नाही.

गिरगावची_चाळ
३९ मिनिटं! अहो, हा आकडा माझ्या आजीच्या तोंडी असायचा. मुंबई टाइम आणि स्टँडर्ड टाइम यातला फरक. तिच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या पुढे 'स्टँ. टा.' छापलंय. नाहीतर अर्धी वऱ्हाडी मंडळी अक्षता पडून गेल्यावर पोचली असती.

चावीवाला
प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली, पण मुंबईने आपला टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही. त्याआधी रेल्वेचा मद्रास टाइम होता तो वेगळाच. आणि शहराची वेळ मुळात ठरत होती ती कुलाब्याच्या वेधशाळेत. १८२६ ची ती वेधशाळा खगोलीय वेध आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ, यासाठीच सुरू झाली होती. लोअरबर्थ, तुमचं घड्याळ तेव्हाच मुंबईत आलं असेल तर त्याच्या पहिल्या मालकाने ते नक्की कोणत्या टाइमावर लावलं असेल, सांगता येत नाही.

तिरसट
थोडक्यात, लोक उशिरा का येतात याचं ऐतिहासिक कारण सापडलं.

लोअरबर्थ
बापरे, दोन दिवस ऑडिट होतं, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. फोटो टाकलेत. चावीवाला काका, भिंगातून पाहिलं, तबकडी एनॅमलचीच आहे. सहाच्या आकड्यापासून एक केसासारखी भेग आहे.

चावीवाला
भेग पाहून बरं वाटलं. रंगवलेल्या तबकडीला अशी भेग जात नाही. मशीनही मूळचंच दिसतंय. आतल्या झाकणावरचा आणि डबीवरचा क्रमांक एकच आहे, म्हणजे जोडतोड नाही. डबी पोलादी आहे, पावसाळ्यात सांभाळा. घामाच्या खिशातून काढलं की कोरड्या कपड्याने पुसा, ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आणि रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेची किंवा चंद्राची बटणं दाबू नका. त्या वेळात मशीन स्वतःच चाकं सरकवत असतं, दात तुटतो.

घड्याळजींचा_मुलगा
धागा आत्ता पाहिला. वडिलांचं लालबागला चाळीस वर्षं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, आता मी घरून थोडं करतो.

चंद्र मागे पडत असता तर मी म्हणालो असतो की सरकवणारं बोट झिजलंय. तुमचा पुढे जातोय. त्याची दोनच कारणं मला सुचतात. एक, डबीच्या कडेला चंद्र लावायचं बारीक बटण असतं ते खिशात दाबलं जातंय. घड्याळाबरोबर त्याच खिशात किल्ल्या ठेवता का? दोन, चकतीचा दात अडवून धरणारी एक पातळ पट्टी असते, आम्ही तिला जंपर म्हणतो. ती ढिली झाली की चकती मोकळी होते आणि धक्क्याला एखादा दात पुढे उडी मारते. तुम्ही घड्याळ घेऊन प्रवास कसा करता?

लोअरबर्थ
डोंबिवली ते सीएसएमटी, ८:१२ ची फास्ट. किल्ल्या त्याच खिशात.

पोटोबा
८:१२ च्या फास्टमध्ये माणसाचे दात जागेवर राहत नाहीत, चंद्राचे काय राहणार!

चावीवाला
माझं मत किल्ल्या. त्या काळी हे घड्याळ जाकिटाच्या खिशात एकटं राहायचं, साखळीला टांगून. किल्ल्यांच्या जुडग्यासोबत नाही.

घड्याळजींचा_मुलगा
काका, ते बटण बहुतेक डबीच्या पातळीत बसलेलं असतं, नखाने किंवा काडीने दाबावं लागतं. किल्लीने सहज दाबलं जात नाही. माझा पैसा जंपरवर. पण मशीन न उघडता सोक्षमोक्ष लावता येईल. पंधरा दिवस घड्याळ घरी ठेवा, रोज ठरल्या वेळी चावी द्या. पुढचे पंधरा दिवस नेहमीसारखं खिशात, किल्ल्यांसकट, फक्त बटणावर सेलोटेप लावा. रोज चंद्र लिहून ठेवा.

तिरसट
रोज चंद्र लिहून ठेवा. कवी झालात की कळवा.

गिरगावची_चाळ
हे चालू आहे तोवर माझी एक तक्रार. घड्याळात चंद्रकोर कायम उभी दाखवतात. परवा गच्चीवरून बीज पाहिली, कोर होडीसारखी आडवी पडलेली होती. मग घड्याळ चुकीचं की आपण?

ग्रहगोल
दोघंही बरोबर. घड्याळं घडली स्वित्झर्लंडमध्ये, ४६-४७ अक्षांशांवर. तिथे कोर बरीच उभी दिसते. मुंबई १९ अंशांवर, आणि चैत्र-वैशाखात संध्याकाळी सूर्य आणि चंद्र जवळजवळ एकाच उभ्या रेषेत मावळतात, त्यामुळे प्रकाशित बाजू खाली. भाद्रपदात परत बघा, थोडी उभी दिसेल. ऋषिपंचमीच्या आधी मात्र नको, चतुर्थीला चंद्र बघितला म्हणून आळ आला तर मी जबाबदार नाही.

न्यूजर्सीकर
दादाने पणजोबांचं घड्याळ शोधलं. चावीच फिरत नाही म्हणतो. लहानपणी मीच जास्त चावी दिली होती, असा घरात समज आहे. आज कबूल करतो, दिली होती.

घड्याळजींचा_मुलगा
तुमची निर्दोष मुक्तता. जास्त चावी दिल्याने घड्याळ बिघडतं हा गैरसमज आहे. कमान पूर्ण गुंडाळलेली आहे आणि जुनं तेल सुकून चाकं अडकलीत, एवढंच. जोर लावू नका, साफ करून घ्या.

न्यूजर्सीकर
पंचेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं. दादाला हा दुवा पाठवतो.

लोअरबर्थ
मंडळी, महिनाभराने आलोय, निकाल घेऊन.

पहिले पंधरा दिवस घड्याळ ड्रॉवरमध्ये. चंद्र रोज एकेक दात, तंतोतंत. नंतर पंधरा दिवस खिशात, बटणावर सेलोटेप, सोबत किल्ल्या. सहाव्या दिवशी एक दात जास्त, तेराव्या दिवशी आणखी एक. सेलोटेप जशीच्या तशी. म्हणजे जंपर. काका, सॉरी.

मग घड्याळ घेऊन थेट घड्याळजींच्या मुलाकडे गेलो (व्यनिने, म्हणजे खाजगी निरोपाने, पत्ता घेतला). त्यांनी तबकडी उतरवली आणि मला भिंग दिलं. चकतीचे दात मी स्वतः मोजले. पहिल्यांदा साठ आले. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला. दुसऱ्यांदा एकोणसाठ आले. जंपरची पट्टी कोणीतरी पूर्वी वाकवून परत सरळ केली होती, तिच्यात जीवच नव्हता. त्यांनी जुन्या कमानीच्या तुकड्यातून नवी घासून बसवली. अडीच तास लागले. मी हललो नाही.

चावीवाला
हरलो, आणि आनंदाने हरलो. ती जुनी पट्टी टाकली नाहीत ना? पुडीत घालून घड्याळासोबत ठेवा. पुढच्या मालकाला कळायला हवं की काय बदललंय.

लोअरबर्थ
पुडीत आहे. वर तारीखही लिहिली.

तिरसट
दुसऱ्या घड्याळाचं काय झालं, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात.

लोअरबर्थ
चाचांकडे गेलो होतो. तबकडी भिंगाखाली धरली, आकडे रंगवलेले, कुठे भेग नाही. मागचं झाकण उघडायला सांगितलं तर चाचा म्हणाले, 'खोलने से किस्मत चली जाती है.' ठेवून आलो. बायको, हे मात्र वाच.

लोअरबर्थची_बायको
वाचलं. मिक्सरचं भांडं कधी येणार?

पोटोबा
🙏🙏🙏

लोअरबर्थ
शेवटचा अपडेट. आज संकष्टी. दुपारपासून पाऊस लागलाय, आभाळ गच्च. खिडकीतला चंद्र मध्य ओलांडून किंचित उजवीकडे, चतुर्थीला असावा तसा. पट्टी बदलल्यापासून रोज फास्टने जातोय, एकही दात इकडेतिकडे नाही. आईला कौतुकाने दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं, 'छान आहे हो' म्हणाली, मग भिंतीवरच्या कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ बघितली आणि तेवढे वाजेपर्यंत ताट वाढायला नाही म्हणाली.